उंचावरच्या ट्रेकसाठी कपडे आणि सामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेक ठरला की पॅकिंगचे प्रश्न सुरू होतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. इथे उंचावरचा ट्रेक म्हणजे साधारण ३००० ते ५५०० मीटरमधला, दोर बांधून चढावं लागत नाही असा, आठ-दहा दिवसांचा, तंबूत नाहीतर साध्या निवाऱ्यात मुक्काम असलेला. सुरुवातीला नेहमीचे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एकाच गोष्टीचा दोनदा काथ्याकूट नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. वर थंडी किती असेल ते आधी कसं कळणार?

ढोबळ हिशोब असा, की दर १००० मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि हवा अगदी कोरडी असली तर त्याहून जास्त. म्हणजे १००० मीटरवरच्या गावात दुपारी २५ अंश असेल तर ४००० मीटरवर त्याच वेळी पाच-सहा अंश धरा, आणि रात्री शून्याच्या खाली. पण नुसता आकडा बघून कपडे ठरवू नका, कारण खरी थंडी वारा आणि ओल यांच्यामुळे लागते. तापमान शून्य असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ते उणे सहाच्या आसपास जाणवतं. अंगातला शर्ट घामाने भिजलेला असेल तर मग विचारूच नका.

दुसरं म्हणजे चालताना तुम्हाला थंडी वाजणारच नाही, चढावर तर उकडतं. थंडी वाजते ती थांबल्यावर. खिंडीत फोटो काढायला थांबलात, मागच्यांची वाट बघत बसलात, कॅम्पवर पोचलात आणि तंबू लागायला अजून अर्धा तास आहे, अशा वेळी. म्हणून पॅकिंग करताना मी सगळ्यांना एकच गोष्ट विचारायला सांगतो: भिजलोय, दमलोय आणि तासभर एका जागी थांबायचंय, अशा वेळी माझ्या पाठीवरच्या सॅकमधे काय आहे? पुढची जवळजवळ सगळी उत्तरं यातूनच निघतात.

२. लेयर लेयर म्हणतात ते नक्की काय? एक चांगलं जाड जॅकेट घेतलं तर नाही का चालणार?

नाही चालणार, कारण जाड जॅकेट घालून चढलात की दहा मिनिटांत घामाघूम, काढलंत की गारठलात, मधलं काही उरतच नाही. लेयर तीन. अंगाला लागून असतो तो घाम शोषून बाहेर टाकणारा, म्हणजे पॉलिएस्टर नाहीतर मेरिनो लोकरीचा पातळ शर्ट. मधला ऊब धरणारा, फ्लीस (मऊ, केसाळ सिंथेटिक कापड) किंवा पातळ पॅडिंगचं जॅकेट. बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा, त्याला शेल म्हणतात, त्याला ऊब नसली तरी चालते. याशिवाय थांबल्यावर सगळ्याच्या वरून चढवायला एक फुगीर जॅकेट (प्रश्न ५), ते बाहेरच्या शेलवरूनसुद्धा बसेल इतकं सैल घ्या म्हणजे काही न काढता पटकन घालता येतं. पायांनाही हेच लागू, फक्त एक थर कमी, कारण चालताना पाय आपोआप गरम राहतात.

३. जीन्स आणि कॉटनचे टीशर्ट घरात आहेतच, तेच घेतले तर?

प्रवासात घाला, ट्रेकवर नको. कॉटन पाणी धरून ठेवतं आणि उंचावरच्या गार हवेत ते वाळता वाळत नाही. ओला कपडा अंगातली ऊब खेचत राहतो आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. जीन्स तर भिजली की जड होते, गुडघ्यात वाकत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यासारखी कडक झालेली असते. महागडं काही घ्यायची अजिबात गरज नाही, खेळताना घालतो तो साधा पॉलिएस्टरचा टीशर्ट आणि पटकन वाळणारी पँट पुरते. आतले कपडेही सिंथेटिक घ्या, लोक हे नेमकं विसरतात आणि मग मांड्या सोलवटतात.

४. आठ-दहा दिवसांसाठी एकूण किती जोड घेऊ?

जेवढे सुचतायत त्याच्या निम्मे! चालायचे टीशर्ट दोन किंवा तीन (एक लांब बाह्यांचा, उन्हासाठी), पँट दोन, फ्लीस एक, फुगीर जॅकेट एक, पावसाचं जॅकेट आणि पँट, थर्मलचा एक जोड, आतले कपडे चार, आणि मोजे (त्यांचं गणित वेगळं, प्रश्न ९). रोज नवा टीशर्ट हा हिशोब डोक्यातून काढून टाका, वर कोणीही कोणाचा वास घेत नाही, थंडीत घामाचा त्रास तसाही कमी असतो.

एकच नियम मात्र कडक पाळा. थर्मलचा जोड आणि एक जाड मोजे फक्त झोपायला, ते घालून कधीही चालायचं नाही, पाऊस असो की बर्फ. सकाळी ते काढून कालचा ओलसर टीशर्ट अंगात घालणं जीवावर येतं खरं, पण पाच मिनिटं चाललात की तो अंगावरच वाळतो, आणि संध्याकाळी कोरडे कपडे तुमची वाट बघत असतात. चढाईच्या पहाटेचा तेवढा अपवाद, तो प्रश्न २२ मधे.

५. डाऊन जॅकेट घेऊ की सिंथेटिक?

डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाची आतली मऊ पिसं. वजनाच्या मानाने ऊब सगळ्यात जास्त, दाबलं की मुठीएवढं होतं, नीट वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण भिजलं की पिसांचे गोळे होतात, फुगवटा जातो आणि ऊबही जाते. सिंथेटिक थोडं जड, जास्त जागा खातं, पण ओलसर झालं तरी बऱ्यापैकी काम करतं, स्वस्त असतं आणि धुवायला सोपं.

मग ठरवायचं कसं, तर ट्रेक कोरड्या ऋतूत असेल आणि जॅकेट थांबल्यावरच घालणार असाल तर डाऊन. पावसाची, ओल्या बर्फाची शक्यता असेल तर सिंथेटिक. डाऊनवर ६००, ७००, ८०० असे आकडे असतात तो फिल पॉवर, म्हणजे तेवढ्याच वजनाची पिसं किती फुगतात ते. आकडा मोठा म्हणजे जॅकेट जास्त गरम असं सरळ नसतं, आत पिसं किती भरलीत तेही बघायला लागतं. ८०० चं अगदी पातळ जॅकेट ६०० च्या जाड जॅकेटपेक्षा कमी गरम असू शकतं. आणि डाऊन घालून चढ चढू नका, आतून घामाने भिजतं.

६. पावसासाठी पोंचो पुरेल का जॅकेटच हवं?

खालच्या जंगलातल्या वाटेवर पोंचो छान, हवा खेळती राहते, सॅकही झाकली जाते. झाडोरा संपून उघड्यावर आलात आणि वारा असला की पोंचो फडफडतो, तोंडावर येतो, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, हे उतारावर धोक्याचं आहे. म्हणून ३५०० च्या वर जाणार असाल तर टोपीवालं जॅकेट आणि पावसाची पँट, दोन्ही. पँट सगळे टाळतात आणि मग भिजलेले पाय घेऊन बसतात.

लेबलवर १०,००० मिमी (कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचं माप) किंवा त्याहून जास्त वॉटरप्रूफ लिहिलेलं बघा, शिवणींवर आतून टेप लावलेली हवी आणि काखेत चेन असेल तर उत्तम. जुन्या जॅकेटवर पाण्याचे थेंब ओघळून न जाता कापड ओलं दिसायला लागलं तर लगेच फेकू नका, बरेचदा वरचं पाणी झटकणारं कोटिंग तेवढं उतरलेलं असतं. लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर धुऊन कमी उष्णतेवर ड्रायरमधे फिरवा, तरी जमलं नाही तर स्प्रे मिळतो.

७. बूट कसे निवडायचे? साधे स्पोर्ट्स शूज चालतील का?

सामानात एकाच गोष्टीवर नीट पैसे खर्च करायचे असतील तर ते बुटांवर करा. मळलेल्या वाटेवर, बर्फ नाही, पाठीवर हलकी सॅक, घोट्याला सवय असेल तर चांगल्या ग्रिपचे ट्रेल शूज चालतात, खूप लोक त्यातच जातात. पण दगडगोटे, मोरेन (हिमनदीने आणून टाकलेले दगडधोंडे), बर्फ, ओढे असतील तर घोट्यापर्यंतचे, वॉटरप्रूफ, कडक सोलचे बूट हवेत.

माप असं घ्या. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि ट्रेकवरही सुजणारच आहेत. ट्रेकला घालणार तेच मोजे घाला. लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टेकली की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग लेस घट्ट बांधून उतारावर उभे राहा, बोटं पुढे आपटली तर ते बूट तुमचे नाहीत, कारण चढताना काही कळत नाही पण सलग हजार मीटर उतरताना नखं काळीनिळी होतात. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा, हे फुकटचं आहे आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

नवे बूट थेट ट्रेकला नेऊ नका, आधी महिनाभर घालून चाला, जिने चढा-उतरा, सॅक घेऊन चाला.

सोलकडे दुर्लक्ष नको. आज बुटांना जो खोल नक्षीचा रबरी सोल असतो त्याचा जन्मच एका अपघातातून झाला. १९३५ मधे आल्प्समधे अचानक हवा फिरली आणि विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा साथीदार थंडीने गेले, त्यांच्या पायातली पातळ पादत्राणं त्या बर्फात कामाची नव्हती. त्यानंतर त्याने १९३७ मधे हा रबरी सोल आणला, तोच पुढे व्हिब्राम.

८. माझे बूट चांगल्या कंपनीचे आहेत, सहा-सात वर्षं कपाटात जवळजवळ नवेच पडून आहेत. तेच घालू ना?

आधी तपासा आणि मगच. बऱ्याच बुटांच्या सोलमधला मधला थर पॉलीयुरेथेनचा असतो, तो हवेतल्या दमटपणाने हळूहळू कुजतो, आणि न वापरता बंद डब्यात ठेवलेल्या बुटांमधे हे आणखी ठळकपणे दिसतं. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि ट्रेकच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अख्खा सोल जबडा वासल्यासारखा उघडतो.

तपासायचं असं: बूट हातात घेऊन बोटांकडून जोरात वाकवा, मधल्या थरावर अंगठ्याचं नख दाबा. बारीक भेगा दिसल्या, भुगा पडला, किंवा नख रुतून खूण तशीच राहिली तर तो बूट गेला. ठीक वाटला तरी चार-पाच वेळा लांब चालून बघा. आणि मजबूत डक्ट टेप आपल्या काठीला दोन-तीन मीटर गुंडाळून ठेवा, सोल सुटला तर त्याने बांधून एखाद दिवस तरी काढता येतो.

९. मोजे किती आणि कसले? फोड येऊ नयेत म्हणून काय करू?

चालायचे तीन जोड, लोकर आणि सिंथेटिक मिसळलेले, घोट्याच्या वरपर्यंत, आणि एक जाड लोकरी जोड झोपायला. कॉटनचे नाहीत. ज्यांना हमखास फोड येतात त्यांनी आत पातळ लायनर मोजे घालावेत, घर्षण कातडीवर न होता दोन मोज्यांच्या मधे होतं.

फोड येतो तो ओल आणि घर्षण यांनी, आणि तो येण्याआधी जागा गरम व्हायला लागते, चुरचुरते. तेव्हाच थांबा. ग्रुप पुढे जाईल, लोक काय म्हणतील, काही बघू नका, बूट काढा, पाय पुसा, त्या जागेवर टेप लावा, मोज्याची सुरकुती काढा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळलं तर पुढचे चार दिवस लंगडत जातात. दुपारच्या थांब्याला मोजे बदलून ओले मोजे सॅकला बाहेर लटकवा, ऊन असेल तर तासाभरात वाळतात.

१०. हातमोजे एक जोड पुरेल? माझी बोटं लगेच पांढरी पडतात.

दोन लागतात. पातळ लायनर, ज्यात चेन लावता येते, बाटली उघडता येते, आणि वरून जाड वॉटरप्रूफ. शिखराच्या दिवशी खूप थंडी असेल तर बोटं वेगवेगळी नसलेले मिटन सगळ्यात गरम. मनगटाला दोरी बांधा, वाऱ्यात एक हातमोजा उडाला की जोडच गेला. राखीव म्हणून जाड मोजे हातात घालता येतात हेही लक्षात ठेवा.

थंडीत बोटं पांढरी पडून बधिर होत असतील तर हा रेनॉडचा त्रास असू शकतो, निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. हात गरम करायच्या छोट्या पुड्या मिळतात त्या जरूर न्या, पण त्या आतल्या लोखंडाच्या भुकटीचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तापतात आणि ५५०० मीटरवर ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्माच असतो, त्यामुळे वर त्या मंद चालतात. लागायच्या बऱ्याच आधी उघडा, आणि थेट कातडीवर ठेवू नका, भाजतं.

११. गॉगल साधा चालेल का? आणि मला चष्मा आहे.

दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. गॉगलशिवाय बर्फावर काही तास काढले की डोळ्याचा पुढचा पडदा अक्षरशः भाजतो. त्या वेळी काहीच कळत नाही, सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री तंबूत, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि उघडवत नाहीत. ढगाळ दिवशीही हे होतं.

गॉगलवर यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरणं अडवतो) आणि कॅटेगरी (काच किती काळी ते) लिहिलेली असते. वाटेवर ३ पुरते, बर्फावर सलग चालायचं असेल तर ४. बाजूनेही झाकणारा घ्या. कॅटेगरी ४ घालून गाडी चालवायची नसते, इतका तो काळा असतो.

चष्मेवाल्यांनी नंबरचा गॉगल करून घेणं सगळ्यात बरं, नाहीतर चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल. उन्हात आपोआप काळी होणारी काच थंडीत जास्त काळी होते, तरी बर्फासाठी तिच्यावर विसंबू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्सचा डबा आणि सोल्यूशन रात्री स्लीपिंग बॅगमधे, गोठतं, आणि जोडीला चष्मा न्याच.

सनस्क्रीन ५० एसपीएफचं, नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीसुद्धा, कारण ऊन खालूनही येतं. ओठांचा बामही एसपीएफवाला.

१२. स्लीपिंग बॅगवर तीन-तीन तापमानं लिहिलेली असतात, कुठलं बघायचं?

कम्फर्ट. फक्त तेच. आयएसओ २३५३७ या मानकानुसार (आधी ईएन १३५३७ होतं) कम्फर्ट म्हणजे ज्या तापमानाला सर्वसाधारण स्त्री मोकळी आडवी होऊन आरामात झोपू शकते, लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष मुटकुळं करून कसाबसा झोपेल, आणि एक्स्ट्रीम म्हणजे काही तास जीव वाचेल, तोही हायपोथर्मियाच्या (अंग धोकादायक इतकं गार पडण्याच्या) धोक्यासकट. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कधीकधी हाच शेवटचा आकडा असतो! रात्री जेवढी थंडी पडेल त्याहून पाच अंश खालचं कम्फर्ट रेटिंग घ्या.

आणि मॅटला कमी लेखू नका. तुमच्या अंगाखाली बॅगची पिसं दबलेली असतात, खालून ऊब फक्त मॅट देते. मॅटच्या आर-व्हॅल्यूची (मॅट खालची थंडी किती अडवते तो आकडा) बेरीज होते, म्हणजे फुगवायच्या मॅटखाली साधी फोमची कॅरीमॅट टाकली की दोन्हींचे आकडे मिळवायचे. गोठलेल्या जमिनीवर एकूण ४ च्या वर असावं.

१३. रात्री सगळे कपडे घालून झोपू का?

कोरडे आणि सैल असतील तर घाला, काही बिघडत नाही. कपडे काढून झोपलं तर बॅग जास्त गरम राहते असं ऐकायला मिळतं, त्यात तथ्य नाही. पण इतके कोंबू नका की बॅग आतून ताणली जाईल, फुगवटा दबला की ऊब गेली. कानटोपी घाला आणि तोंड बाहेर ठेवा, आत श्वास सोडला की वाफेने बॅग ओली होते. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. सकाळी ते प्यायलाही होतं.

तंबू गरम करायला आत स्टोव्ह पेटवायचा विचारही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

१४. सॅक किती लिटरची? वजन किती?

सगळं स्वतः वाहणार असाल तर ५० ते ६५ लिटर, मोठं सामान खेचरं किंवा हमाल नेणार असतील तर पाठीवर २५ ते ३५ लिटर आणि बाकी डफल बॅगमधे. वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. सॅक लिटरपेक्षा पाठीच्या लांबीनुसार निवडा, भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा, खांद्यावर नाही. जड वस्तू पाठीला लागून मधोमध.

हमाल असेल तर डफल हलकी ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. पाठीवर ओझं घेऊन तोही त्याच उंचीवर त्याच थंडीत चालतोय, त्याच्या पायात नीट बूट आणि अंगावर गरम कपडे आहेत का हेही निघायच्या आधी बघा, विचारा, गरज पडली तर व्यवस्था करायला लावा.

१५. डफल पुढे जाते, मग पाठीवरच्या छोट्या सॅकमधे काय ठेवू?

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. सकाळी छान ऊन असतं म्हणून लोक जॅकेट डफलमधे टाकतात, दुपारी हवा फिरते आणि डफल दोन तास पुढे कॅम्पवर. पाठीवर रोज, हवा कशीही असो: पावसाचं जॅकेट-पँट, फुगीर जॅकेट, टोपी, हातमोजे, हेडलॅम्प (दुपारी पोचणार असलात तरी), पाणी, काहीतरी खायला, गॉगल, सनस्क्रीन, तुमची स्वतःची औषधं, शिट्टी, टेप, एक कोरडे मोजे. कागदपत्रं आणि पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाकी डफलमधलं काहीही उशिरा आलं तरी निभतं.

१६. रेनकव्हर आहे, अजून काही लागेल?

हो. रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं आणि वाऱ्यात निघतं. आतून एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, तिच्या आत सगळं, तोंड पिळून दुमडून. स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे तिच्या आत अजून एका पिशवीत. डफललाही असंच, ती खेचरावरून ओढ्यात पडू शकते.

१७. पाण्यासाठी बाटली की नळीवाली पिशवी? पाणी शुद्ध कसं करायचं?

खाली नळीवाली पिशवी सोयीची, सारखं थोडंथोडं प्यायलं जातं. शून्याखाली नळीतलं पाणी आधी गोठतं, मग पाठीवर दोन लिटर असून घसा कोरडा. म्हणून निदान एक रुंद तोंडाची बाटली हवीच. थंडीत ती उलटी ठेवा, पाणी वरून गोठायला लागतं त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

शुद्ध करायला उकळणं सगळ्यात खात्रीचं. ४००० मीटरवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, तरी जंतू मरायला ते पुरतं, या उंचीवर तीन मिनिटं उकळू द्या. क्लोरीनच्या गोळ्यांना साधारण अर्धा तास, पाणी बर्फासारखं गार असेल तर बराच जास्त वेळ. पोकळ तंतूंचा फिल्टर असेल तर एकदा वापरल्यावर त्याला गोठू देऊ नका, आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही, पाणी येत राहतं पण ते शुद्ध नसतं. रात्री तो स्लीपिंग बॅगमधे.

१८. मोबाइल आणि पॉवर बँक थंडीत का मरतात? विमानात नेता येतील ना?

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, ३० टक्के दिसत असताना फोन बंद पडतो आणि अंगाच्या उबेत ठेवला की परत चालू होतो. दिवसा आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमधे. फोन गारठलेला असताना चार्ज करू नका, शून्याखाली चार्जिंगने बॅटरी कायमची खराब होते, आधी ऊब द्या. हेडलॅम्पला साध्या अल्कलाइनपेक्षा लिथियमचे सेल थंडीत जास्त टिकतात.

विमानात पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, त्यामुळे चालतं. गॅसचा डबा मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही, भरलेला असो की थोडासा उरलेला. काठ्या चेक-इनमधे टाका, वाद नको.

सॅटेलाइट फोन किंवा तसला मेसेंजर नेणार असाल तर त्या देशाचा नियम आधी वाचा, काही देशांत परवान्याशिवाय तो नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे.

१९. पाळी ट्रेकमधे येणार आहे, काय तयारी?

उंची, थंडी, दगदग यामुळे तारीख पुढेमागे होते, म्हणून तारीख नसली तरी सामान न्या. नेहमी वापरता तेच न्या, मेन्स्ट्रुअल कप पहिल्यांदा वापरून बघायची ही जागा नव्हे, दोन-तीन महिने आधी सवय करा. वापरलेले पॅड पुरू नका, जाळू नका, काळ्या बंद पिशवीत भरून खाली आणा. हातासाठी सॅनिटायझर, ओले वाइप्स (रात्री गोठतात, आतल्या खिशात ठेवा), आणि दुखण्यावरची नेहमीची गोळी. ग्रुपमधे एका तरी व्यक्तीला सांगून ठेवा, लाजून दुखणं अंगावर काढू नका.

२०. मुलाला घेऊन जातोय, त्याचे कपडे माझ्यासारखेच का?

थर तेच, पण राखीव जोड जास्त. लहान अंगाची ऊब लवकर जाते आणि मुलं खेळायच्या नादात थंडी वाजतेय हे सांगत नाहीत. हात-पाय-मान स्वतः हात लावून बघत राहा. पाठीवर कॅरियरमधे बसलेलं मूल अजिबात हलत नाही, तुम्ही घामाघूम असताना ते गारठत असतं, त्याला तुमच्यापेक्षा एक-दोन थर जास्त हवेत. मोठ्यांचे कपडे दुमडून घालू नका. आणि उंचीचा (विरळ हवेमुळे होणारा) त्रास मुलाला सांगता येत नाही, म्हणून ट्रेक ठरवायच्या आधीच बालरोगतज्ज्ञांशी बोला.

२१. काय भाड्याने घेऊ, काय विकत?

कातडीला लागतं आणि मापात बसायला हवं ते विकत: बूट, मोजे, आतले थर, गॉगल. वर्षातून एकदाच लागतं ते भाड्याने: स्लीपिंग बॅग, जाड जॅकेट, काठ्या, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कव्हर), मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायच्या बारीक खिळ्यांच्या साखळ्या). भाड्याची बॅग हातात घेऊन उजेडासमोर धरा, पिसं एका बाजूला गोळा झालेली आणि मधे मोकळे कप्पे दिसले तर बदलून मागा. चेन पूर्ण खालपर्यंत ओढून बघा. स्पाइक्स तुमच्या बुटांवर चढवून बघा, दुकानातच. मायक्रोस्पाइक्स टणक बर्फाच्या वाटेवर चांगले, तीव्र उतारावर नाहीत, तिथे क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे मोठे, धारदार खिळे) आणि ते वापरायचं शिक्षण लागतं.

२२. शिखराच्या किंवा खिंडीच्या दिवशी रात्री दोनला निघायचंय. काय घालून निघू?

हा खरंच अवघड प्रश्न आहे, कारण अंधारात उणे दहा, आठ वाजता कडक ऊन आणि माथ्यावर वारा, असं सगळं एकाच दिवसात. इथे प्रश्न ४ चा नियम मोडायचा, खाली थर्मल घालूनच निघा कारण इतक्या वर चाल फार हळू असते आणि अंग तापत नाही. वर टीशर्ट, फ्लीस, शेल. फुगीर जॅकेट घालून पहिली वीस मिनिटं उभं राहणं-वाट बघणं होतं, चढ लागला की ते सॅकच्या अगदी वर. थर्मल पँटवरून पावसाची पँट, वारा अडतो आणि बाजूला चेन असेल तर बूट न काढता उतरवता येते, म्हणून विकत घेतानाच ती चेन बघा. मोजे एकच जाड, दोन कोंबले तर बुटात बोटं आवळली जातात, रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात.

सगळं संध्याकाळीच काढून, घालायच्या क्रमाने रचून ठेवा. बूट वॉटरप्रूफ पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या तोंडाशी, नाहीतर लेस गोठून काठीसारख्या होतात. हेडलॅम्प गळ्यात. सनस्क्रीन निघतानाच लावा, उजाडल्यावर हातमोजे काढून कोणी लावत नाही.

२३. हे सगळं भरलं आणि सॅक अजून जड आहे. काय काढू?

आधी जोड काढा: तिसरी पँट, दुसरं फ्लीस, जीन्स, मोठा टॉवेल, कॅम्पसाठी वेगळे जड बूट (हलक्या चपला ठेवा). मग बाटल्या, शाम्पू आणि सनस्क्रीन छोट्या डब्यांत ओता. मग ग्रुपमधे वाटून घ्या, टेप, फिल्टर, चाकू, प्रथमोपचार प्रत्येकाने का वाहायचा. कॅमेऱ्याच्या लेन्स दोनऐवजी एक.

पावसाची पँट, दुसरे हातमोजे, हेडलॅम्प आणि झोपायचा कोरडा जोड या चार गोष्टी काढायचा मोह होईल, कारण बहुतेक दिवस त्या वापरल्याच जात नाहीत. त्या काढू नका. तरीही वजन बसत नसेल तर हमालाचं किंवा खेचराचं बघा, किंवा सरळ थोडा खालचा, सोपा ट्रेक निवडा.

२४. औषधांची पेटी आयोजकांकडे असते, मी वेगळी नेऊ का?

छोटी न्या. रोजची औषधं दुप्पट, दोन वेगळ्या बॅगांत वाटून. क्रेप बँडेज, टेप, फोडावरची पट्टी, पॅरासिटामॉल, जुलाबावरची गोळी, ओआरएस. इन्सुलिन किंवा कुठलंही द्रव औषध गोठू देऊ नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि डोकेदुखी, मळमळ वाढत चालली, तोल जायला लागला, बसल्या जागी दम लागायला लागला तर कुठलीही गोळी घेऊन पुढे चढायचं नाही, खाली उतरायचं, रात्र असली तरी, सामान तिथेच टाकून.